तांडेलबाईंच्या जागी माणूस हवा

बसा, बसा. मागे दाराशी जे उभे आहेत त्यांनी पुढे या, ही बाजूची बाकं रिकामी आहेत. नववीच्या मुलींनो, जरा सरका, आजींना पंख्याखाली बसू दे. हां. असं.

मी गावडे. या शाळेत विज्ञान शिकवतो. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना मी कधी ना कधी ओरडलोय. त्यात काही पालकही आहेत, ते इथे शिकत होते तेव्हाचे. बोलायची मला सवय आहे, आयुष्य फळ्यासमोर बोलण्यात गेलं. पण आज कुठून सुरुवात करू ते सुचत नाहीये. सकाळी घरी बायकोला विचारलं, काय बोलू गं? ती म्हणाली, वर्गात बोलता तसंच बोला, दुसरं तुम्हाला येतं कुठे! तेव्हा तसंच बोलतो. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

सुजाता तांडेल. आपल्या पी.टी.च्या बाई. गेल्या आठवड्यात तांडेलबाई गेल्या. कॅन्सर होता. आपल्या सगळ्यांना माहीत होतं, त्यांनी कधी लपवलं नाही. तरी शाळेच्या ग्रुपवर तो मेसेज आला, तेव्हा मी वाचला, फोन पालथा ठेवला आणि तास घ्यायला गेलो. शिकवत होतो, अगदी नेहमीसारखा. मध्येच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं म्हणून खिडकीतून खाली मैदानाकडे बघितलं. मैदान रिकामं होतं. तेव्हा मला कळलं काय झालंय ते. मग मला पुढे शिकवता आलं नाही.

बाईंचे यजमान जितेंद्र समोर बसलेत. शेजारी बाईंची आई. चारकोपच्या बाजारात त्या मासळी विकायला बसतात, आपल्या अर्ध्या स्टाफच्या घरची सुरमई त्यांच्याकडूनच येते. बाईंचा आवाज त्यांच्याकडून आला होता, हे बाजारात गेलेल्या कोणालाही सांगायला नको. आई, तुमची मुलगी खाली मैदानावर ‘पाय उचल’ म्हणून ओरडली की वरती माझ्या वर्गातली मुलं बाकाखाली पाय उचलायची.

हसा, हसलात तरी चालेल. बाईंना आवडलं असतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, माझ्या पोटात राहणार नाही. मघाशी आत येताना आपल्या संस्थेचे सचिव साळवीसाहेब दारात भेटले. म्हणाले, गावडे, तुम्ही बाईंच्या जवळचे, शेवटी तुम्हीच एक घोषणा करून टाका. घोषणा अशी आहे. तांडेलबाईंनी व्हिडिओ काढून मुलांना खेळ शिकवले, त्याचं आजूबाजूच्या शाळांनी कौतुक केलं. तेव्हा त्यांची आठवण म्हणून शाळेत बाईंच्या नावाने क्रीडा व्हिडिओ कक्ष होणार. बाईंनी काढलेले व्हिडिओ तिथल्या मोठ्या स्क्रीनवर दाखवले जाणार. पी.टी.चा तास यापुढे तिथे होणार. आणि त्यामुळे बाईंची जागा सध्या भरायची गरज राहणार नाही.

ऐकायला चांगलं वाटतं ना? मलाही क्षणभर बरं वाटलं. बाईंचं नाव दारावर लागणार म्हणजे चांगलंच की. साळवीसाहेब मनापासून बोलत होते, त्यांचे डोळे ओले होते, हे मी बघितलंय. म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही. पण ही घोषणा मी करावी की नाही, हे ठरवायच्या आधी बाई ते व्हिडिओ काढायच्या कशा, हे तुम्ही ऐका. तुमच्यातल्या पुष्कळांनी लांबून बघितलंय. मी जवळून बघितलंय, कारण सगळं सामान माझ्या प्रयोगशाळेतून जायचं.

पहिल्यांदा त्या स्टँड मागायला आल्या. बर्नरवर चंचुपात्र धरायला असतो ना, लोखंडी दांड्याचा, तो. म्हणाल्या, सर, चिमट्यासकट द्या, फोन अडकवायचाय. मी म्हटलं, बाई, हे प्रयोगशाळेचं सामान आहे, मातीत जायचं नाही. त्या म्हणाल्या, ‘अहो सर, तुमचा स्टँड काय सोन्याचा आहे? तुमची पोरं त्याच्यावर पाणी उकळतात. मी त्याच्यावर पोरं उकळणार.’ आणि घेऊन गेल्या. माझं ‘हो’ ऐकायला थांबल्या नाहीत.

वाळूच्या खड्ड्याच्या बाजूला, इंडस्ट्रियल इस्टेटच्या भिंतीजवळ, तो स्टँड उभा राहिला. त्याच्या चिमट्यात बाईंचा फोन. एकेक पोरगा धावत यायचा, फळीवर पाय मारून लांब उडी मारायचा, आणि फोन ते टिपायचा. मग ती उडी हळू करून बघायची. फळीवर पाय कुठे पडला, गुडघा वर गेला का, पडताना मागे बसला का. आपण ओरडून ओरडून सांगतो ते पोराला समजत नाही, सर, कारण त्याला तो स्वतः दिसत नाही, असं बाई म्हणायच्या. बरोबर आहे. मला पण मी दिसत नाही, म्हणून मी इतकी वर्षं असला शर्ट खोचतोय.

पण सुरुवातीला बाईंची एक मोठी चूक झाली. ही चूक त्या स्वतः प्रत्येक नवीन शिक्षकाला सांगायच्या, म्हणून मी पण सांगतो. त्या वर्षी त्यांनी सगळ्यांचे व्हिडिओ काढले आणि प्रोजेक्टरने वर्गाच्या भिंतीवर मोठे करून लावले. कल्पना अशी, की एकाचं बघून दुसरा शिकेल. ओंकारचा व्हिडिओ लागला. ओंकार, तू मागे बसलायस, मी तुला विचारूनच नाव घेतोय. ओंकार तेव्हा अंगाने चांगला भरलेला होता. धावताना त्याचे हात असे बाजूला उडायचे. नुसतं बघितलं तर काही नाही. पण तेच हळू करून, भिंतीएवढं मोठं करून लावलं, आणि वर्ग फुटला. पोरं बाकावर डोकं आपटून हसली. कोणीतरी म्हणालं, वाट लागली, भूकंप आला.

दुसऱ्या दिवशी ओंकार मैदानावर आला नाही. पोट दुखतंय. मग डोकं दुखतंय. मग आईची चिठ्ठी. पी.टी.च्या तासाला तो माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन बसायला लागला.

बाईंनी काय करावं? माझ्याकडे आल्या, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, चला खाली, माझा व्हिडिओ काढा. मी म्हटलं, कसला? म्हणाल्या, मला सगळं येतं, एक गाडीचाक येत नाही. लहानपणापासून आलेलं नाही. ते काढा. गाडीचाक म्हणजे हात टेकून, पाय वर करून, बाजूला असं फिरायचं. बाईंनी ओढणी कमरेला बांधली आणि मारलं. काय सांगू तुम्हाला! एक पाय वर गेला, दुसऱ्याने विचार बदलला, आणि बाई भेंडीच्या पोत्यासारख्या मातीत. मी हसणार नव्हतो. हसलो. फोन हलला. बाई मातीतूनच म्हणाल्या, हलवू नका हो, नीट काढा, परत मारते.

तो व्हिडिओ त्यांनी त्याच वर्गात, त्याच भिंतीवर लावला. तोही हळू करून. म्हणाल्या, हसा. पोटभर हसा. ओंकार, तू पण हस. आणि ओंकार हसला. सगळे हसून दमल्यावर बाई म्हणाल्या, आता ऐका. आजपासून या भिंतीवर फक्त माझा व्हिडिओ लागेल. तुमचा व्हिडिओ तुमचा. पहिल्यांदा तुम्ही बघणार, दुसऱ्या कोणाला दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवणार, आणि ठेवायचा नसेल तर तुमच्याच बोटाने पुसायचा. मी हात लावणार नाही.

हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. एकदा तपासणीला साहेब आले होते. म्हणाले, मॅडम, मुलांचे व्हिडिओ दाखवा. बाई म्हणाल्या, साहेब, मुलांना विचारावं लागेल. साहेबांना वाटलं बाई गंमत करतायत. बाई खरंच विचारायला गेल्या. दोन मुलं हो म्हणाली, बाकीची नाही म्हणाली. साहेबांनी दोन व्हिडिओ बघितले आणि बाईंनी स्वतःचं गाडीचाक वर दिलं.

मग अडचण आली उन्हाची. मैदानावर भर उन्हात फोनमध्ये काय दिसणार? नुसतं आपलं तोंड दिसतं. म्हणून बाई परत माझ्याकडे. प्रकाशाच्या धड्याला खिडकीवर लावायला माझ्याकडे एक जाड काळा पडदा होता. स्टँड गेला, चिमटा गेला, आता पडदा. मी म्हटलं, बाई, कपाट राहिलंय, ते पण न्या. त्या म्हणाल्या, नको सर, त्यात झुरळं आहेत.

आणि मग ते सुरू झालं जे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. भर मैदानात दोन डोकी काळ्या पडद्याखाली. एक बाई, एक मूल. बाहेरून काही दिसायचं नाही. पलीकडच्या सेक्टरमधल्या बिल्डिंगीतून लोक गॅलरीत येऊन बघायचे, ही मास्तरीण पोरांना कापडाखाली घेऊन काय करते म्हणून. एका आजोबांनी शाळेत येऊन चौकशीसुद्धा केली. बाईंनी त्यांनाही पडद्याखाली घेतलं आणि त्यांच्या चालण्याचा व्हिडिओ दाखवला. आजोबा दुसऱ्या दिवशी ताठ चालत आले.

पडद्याखाली काय व्हायचं? मी एकदा मुद्दाम विचारलं. बाई म्हणाल्या, सर, मी तिथे काहीच शिकवत नाही. मी विचारते, काय दिसलं? एवढंच. पोरगी काय सांगते? बाई, मी किती काळी दिसते. पोरगा सांगतो, बाई, माझी चड्डी केवढी मोठी आहे, दादाची आहे ना. मी म्हणते, हां, बघ अजून. पहिल्यांदा सगळे तोंडच बघणार. बघू दे. तोंड बघून झालं की मग पाय बघतात. मग म्हणतात, बाई, मी फळीच्या आधीच घाबरते वाटतं, पावलं लहान होतात. हे पोराने स्वतः बघितलं की माझं काम झालं.

आणि कधी कधी, बाई म्हणाल्या, पाय बघता बघता पोर दुसरंच सांगतं. बाबा घरी नाहीत. रात्री झोप झाली नाही. डबा आणला नाही. अंधारात शेजारी बसलं की सांगतात, सर. समोर उभं केलं की नाही सांगत.

माझी प्रयोगशाळा निम्मी रिकामी झाली, पण त्या पडद्याचा असा उपयोग मी जन्मात केला नसता. हे मी त्यांना बोललो नाही. बोलायला हवं होतं असं आता वाटतंय. आपल्याकडे चांगलं बोलायला सभा लागते.

मग बाई आजारी पडल्या. सुरुवातीला सुट्टी घेऊन परत यायच्या. डोक्याला रुमाल बांधून मैदानात खुर्ची टाकून बसायच्या. पुढे पुढे यायला जमेना. तेव्हा नववीच्या मुलींनीच ग्रुप केला. स्टँड लावायचा, उडी मारायची, व्हिडिओ बाईंना पाठवायचा. बाई घरून, पलंगावरून बघायच्या आणि आवाजात उत्तर पाठवायच्या. साळवीसाहेबांनी तेही बघितलं. खूश झाले. म्हणाले, बघा गावडे, बाई घरी असून मैदान चालू आहे, काय तंत्रज्ञान आहे! आणि तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. आजची जी घोषणा आहे ना, तिचं मूळ तिथे आहे. बाईंनी घरी बसून शिकवलंच की, मग आता रेकॉर्डवरून का नाही शिकवता येणार?

म्हणून त्या ग्रुपचं पुढे काय झालं ते सांगतो. सिद्धी, बाळा, तू इथे बसलीयस. मी काल तुझ्या आईला विचारलं, सांगू का म्हणून. त्या म्हणाल्या, सांगा, तिला ऐकायची गरज आहे.

सिद्धी आपली लांब उडीची मुलगी. बाईंची केमोथेरपी होती त्याच्या आदल्या दिवशी मुलींनी ठरवलं, बाईंना आज छान छान व्हिडिओ पाठवायचे, म्हणजे त्यांना बरं वाटेल. सिद्धीचा पाय सकाळी जिन्यात मुरगळला होता. तिने कोणाला सांगितलं नाही. मैदानापर्यंत लंगडत आली. स्टँड लावला. पळत आली, उडी मारली, वाळूत पडली. उठताना लंगडली. मग तिने काय केलं, व्हिडिओची मागची-पुढची बाजू कापली. आजकाल तुम्हा मुलांना हे म्हणजे डाव्या हातचा मळ. चालत येणं कापलं. उठणं कापलं. नुसती उडी ठेवली आणि पाठवली.

उडी चांगली होती. बाईंनी बघितली, दोनदा बघितली, आणि आवाज पाठवला. ‘झकास गं सिद्धी! आता अजून एक पाठव, हात थोडे वर.’ सिद्धीने अजून एक पाठवली. बाई म्हणाल्या, अजून एक. तिने अजून एक मारली. संध्याकाळी पाय एवढा सुजला. प्लास्टर. जिल्हा स्पर्धा गेली.

मी बाईंना भेटायला गेलो तेव्हा त्यांना हे कळलेलं होतं. मला वाटलं होतं औषधाने थकल्या असतील. बाई रडत होत्या. मी त्यांना तोपर्यंत रडताना कधी बघितलं नव्हतं, रिपोर्ट आला तेव्हाही नाही. जितेंद्र, तुम्ही चहा ठेवायला आत गेला होतात. बाई मला म्हणाल्या, ‘सर, मी मैदानावर असते ना, तर ती गेटातून आत शिरतानाच मी ओरडले असते. तू आज बस म्हणून. पोरगी चालते कशी ते मी आधी बघते, उडी नंतर. फोनने मला उडी दाखवली, पोरगी दाखवलीच नाही. आणि माझाच आवाज तिला म्हणत होता, अजून एक मार.’

मी म्हटलं, बाई, तिने कापलं होतं, तुम्हाला कसं कळणार? त्या म्हणाल्या, ‘तेच तर म्हणतेय. मला कसं कळणार?’

त्याच दिवशी त्यांनी तो ग्रुप बंद केला. सिद्धी, त्या दिवसापासून तू माझ्या तासाला मान वर केलेली नाहीस. तुला वाटतं, मी खोटा व्हिडिओ पाठवला म्हणून बाईंनी ग्रुप बंद केला. बाई रागावून गेल्या असं तुझ्या मनात बसलंय. नाही गं. मी तिथे होतो. बाई तुझं नाव घेऊन एकच वाक्य बोलल्या. ‘मला बरं वाटावं म्हणून मारली हो तिने उडी, वेडी पोर.’ एवढंच. हे वाक्य तुझं आहे, मी नुसतं आणून दिलं. प्लास्टर निघालंय ना आता? मग मान वर कर.

पाणी देता का जरा? आभारी आहे.

त्या दिवशी निघताना बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, सर, एक काम करा. माझ्या जागी माणूस उभा करायला सांगा. नवीन असू दे. शिकाऊ असू दे. त्याला व्हिडिओतलं काही येत नसेल तरी चालेल, ते पोरंच शिकवतील त्याला. पण तो मैदानात उभा असू दे, आणि त्याने गेटाकडे तोंड करून उभं राहू दे. माझे व्हिडिओ लावून माझा तास भरू नका. भरलात तर वरून शिट्टी मारीन.

मी दुसऱ्याच दिवशी साळवीसाहेबांना जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, गावडे, बाई अजून आहेत, आत्ताच त्यांच्या जागेचा विषय नको, वाईट दिसतं. तेव्हा मी गप्प बसलो, कारण तेही खरंच होतं. आता बाई नाहीत. आता विषय आहे.

तुम्ही विचाराल, ते व्हिडिओ तर आहेत, वाया कशाला घालवायचे? तर तेही सांगतो. ज्या मुलांनी ठेवू दिले, त्यांचेच व्हिडिओ प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरवर होते. परवा दुपारी मी आणि जितेंद्र बसलो आणि एकेक करून सगळे बघितले. प्रत्येकात एक मूल उडी मारतं. मग बाई दिसत नाहीत, पण त्यांचा आवाज येतो. ‘चल पडद्याखाली, बघ आणि सांग, काय दिसलं?’ आणि व्हिडिओ संपतो. पुढचं सगळं पडद्याखाली व्हायचं ना! मूल बोलायचं, बाई ऐकायच्या, ते कुठेच रेकॉर्ड नाही. आता हे मोठ्या स्क्रीनवर लावलं, वर्गभर मुलं बसवली, बाईंच्या आवाजाने विचारलं काय दिसलं, आणि एखाद्या पोराने उत्तर दिलं, तर ते ऐकणार कोण? मला सांगा. कोण ऐकणार?

जितेंद्रनी शेवटचा व्हिडिओ परत एकदा लावला. मग म्हणाले, सर, मुलांचे चेहरे नकोत, ते मुलांचे आहेत. मला नुसता तिचा आवाज काढून द्याल? मी काढून दिला. तो आता त्यांच्या घरी आहे, आणि तिथेच तो राहायला हवा. व्हिडिओ आम्ही ज्याचे त्याला परत पाठवले. कॉम्प्युटरवर आता काही नाही. बाईंच्या नियमाने तसंच व्हायला हवं होतं.

तेव्हा साळवीसाहेब, तुम्ही सांगितलेली घोषणा मला करता येणार नाही. दाखवायला व्हिडिओ उरले नाहीत. उरले असते तरी मी केली नसती. तुमच्याबद्दल मला आदर आहे, तुम्ही रागावलात तर नंतर ऑफिसात रागवा, मी येतो.

त्याऐवजी मी माझी घोषणा करतो. उद्यापासून, बाईंच्या जागी माणूस येईपर्यंत, पी.टी.च्या तासाला मैदानावर मी उभा राहणार. मला खेळातलं काही कळत नाही. माझे गुडघे मुंबईभर ऐकू येतात. पण कोण कसा चालत आत येतो, एवढं मी गेटाकडे तोंड करून बघू शकतो. वेळापत्रकात माझे आणि बाईंचे जे तास एकमेकांवर येतात, त्यात दहावीचा विज्ञानाचा तास आहे. तो मी सोडतोय. दहावीच्या मुलांनो, घाबरू नका, तुमचं नुकसान करणार नाही, शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसा, तिथे शिकवीन. पण वेळापत्रकात तो तास कोरा दिसेल. दिसायला हवा. इतकी वर्षं बघतोय मी, पी.टी.चा तास बुडाला तर या शाळेत एकही पालक कधी विचारायला आलेला नाही. दहावीचं विज्ञान बुडालं की तुम्ही सगळे दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात असता. या. मी वाट बघतो. आलात की साळवीसाहेबांना एकच विचारा, मैदानावर माणूस कधी येणार?

झालं माझं बोलून.

आता सगळे उभे राहूया. आजींना उठवू नका, त्या बसूनच राहू देत. फोन बंद करा, आणि कृपा करून या क्षणाचा व्हिडिओ कोणी काढू नका. डोळे मिटा किंवा उघडे ठेवा, शेजारी कोण उभं आहे ते मात्र बघून घ्या. तांडेलबाई, आम्ही सगळे उभे आहोत. नमस्कार.